चिमाबाईची हरकत

चिमाबाईच्या टाचा पिवळ्या होत्या. दहिसाळ्याला ग्रामसेवक म्हणून मी रुजू झालो ते १९९९ साल. पहिल्याच आठवड्यात ती रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला आली. चपला दाराबाहेर काढून ती आत येऊन उभी राहिली आणि माझी नजर तिच्या पायांवर गेली. मला वाटलं घरात लग्न असेल.

"कुणाची हळद होती?" मी सहज विचारलं.

"कंपनीची," ती म्हणाली. "सहा वर्सं झाली कंपनी बंद पडून. अजून उतरत नाय."

दहिसाळे काळू नदीच्या काठावर आहे. मुरबाडहून एसटीनं पाऊण तास लागतो. नदीला लागून गावाची सगळ्यात चांगली भातखाचरं होती. १९७९ साली तिथं रंगाची कंपनी आली. खाचरं गेली, त्या जागी पत्र्याच्या मोठ्या शेडी उभ्या राहिल्या आणि गावातले पंधरा-वीस गडी आणि सात-आठ बाया कामाला लागल्या. चिमाबाई त्यातली एक. माहेर तिचं वैशाखऱ्याकडचं. नवरा बुधाजी विहीर खणताना दरड अंगावर येऊन गेला, तेव्हा मुलगा सतीश तीन वर्षांचा होता. दहाव्या दिवसानंतर ती कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिली. मुकादमानं विचारलं, "काय काम येतं?" ती म्हणाली, "जे उचलायचं असंल ते उचलीन."

तिला गाळ उचलायचं काम मिळालं. रंग करून झाल्यावर जे पाणी उरायचं ते मोठ्या टाक्यांत साठवत. तळाशी पिवळा, चिकट गाळ बसायचा. तो पाटीत भरायचा आणि बाहेर नेऊन टाकायचा. पाटी दोघींनी धरायची, एकीला झेपत नसे. तिची जोडीदारीण होती गिरजा, कुणबीआळीतल्या कुंडलिकची बायको.

या दोघींची जोडी तेरा वर्षं टिकली. दुपारी नदीकाठच्या उंबराखाली बसून त्या भाकरी खायच्या. गिरजाच्या डब्यातली सुकटाची चटणी चिमाबाईच्या भाकरीवर यायची, चिमाबाईची अंबाडीची भाजी गिरजाच्या. गावात मात्र असं नव्हतं. गिरजा कधी बौद्धवाडीत गेली नाही आणि चिमाबाई गिरजाच्या ओटीच्या पुढं गेली नाही. त्याबद्दल दोघी कधी बोलल्याही नाहीत. "कंपनीत आमी बहिनी, गावात आमी शेजारी बी नाय," असं चिमाबाईनं मला एकदा हसत सांगितलं होतं.

गाळ आधी नदीत जायचा. मासे मेले, गुरं पाणी पिईनात, तेव्हा नदीच्या खालच्या अंगाच्या गावांनी ओरड केली. मग कंपनीनं पंपाच्या खोलीपासून उंबरापर्यंत खड्डे खणले. तपासणीला कुणी साहेब यायचा असला, की आदल्या दिवशी सगळ्या बायांना त्याच कामाला लावायचे. टाक्या रिकाम्या करायच्या, खड्डा भरायचा, वर दोन हात माती, वर गवताच्या पेंड्या. मुकादम सांगायचा, "इथं काय पुरलंय ते गावात बोलायचं नाही. बोललात तर कंपनी बंद, आणि चूल पण बंद." त्या बोलल्या नाहीत. कंपनी तरीही १९९३ साली बंद पडली. मालकानं यंत्रं काढून नेली. पत्रे हळूहळू लोकांनी नेले. भिंती उरल्या.

चार वर्षांनी गिरजाच्या लघवीतून रक्त जायला लागलं. मुरबाडच्या डॉक्टरनं कल्याणला पाठवलं, कल्याणवाल्यांनी मुंबईला. मुंबईच्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "या कुठल्या कारखान्यात होत्या का?" कुंडलिक हो म्हणाला. डॉक्टरनं ते कागदावर लिहिलं. गिरजाला घरी आणलं. चिमाबाई रोज संध्याकाळी जाऊन अंगणात उभी राहायची. एक दिवस आतून गिरजाचा आवाज आला, "उभी का गो? आत ये." आणि चिमाबाई पहिल्यांदा त्या घरात गेली, गिरजाच्या उशाशी बसली. पुढचे अठरा दिवस ती तिथंच होती. गिरजाला तिनं न्हाऊ घातलं, तिची कापडं धुतली. कुंडलिक काही म्हणाला नाही. हे सगळं मला गावकऱ्यांनीच सांगितलं, कारण ते माझ्या आधीचं आहे.

माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते पुढचं.

२००३ च्या पावसाळ्यानंतर तालुक्याहून पत्र आलं. तालुक्यासाठी क्रीडासंकुल बांधायचं होतं, त्याला नदीजवळची सपाट मोकळी जागा हवी होती. ज्या गावाकडे अशी जागा असेल त्यानं ग्रामसभेचा ठराव पाठवावा. कंपनीची जमीन तोवर सरकारजमा झाली होती. सरपंच तेव्हा कुंडलिक होता. पत्र त्यानं तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, ही जागा आपलीच. स्टेडियम आपल्याच गावात होनार."

गावात त्याची चर्चा महिनाभर चालली. पारावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, जिथं चार माणसं जमतील तिथं तीच गोष्ट. म्हातारा देवराम म्हणायचा, "खाचरं आमची व्हती. कंपनी गेली तर जमीन आमाला परत द्या, आमी भात लावू." काही जणांना स्टेडियमपेक्षा दुसरी कंपनी हवी होती. त्यांची पोरं रोज पहाटे जीपनं कल्याणला कामाला जात होती. तरुण पोरांना मात्र स्टेडियमच हवं होतं आणि त्यांचा पुढारी होता चिमाबाईचा सतीश. सत्तावीस वर्षांचा, अंगानं दणकट, कबड्डीत तालुक्यात त्याचं नाव होतं. बौद्धवाडीतला पोरगा आणि गावाच्या संघाचा कप्तान. हे दहिसाळ्यात पहिल्यांदाच घडलं होतं. सतीशला ते ठाऊक होतं आणि चिमाबाईला त्याहून जास्त.

सव्वीस जानेवारी २००४ ला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. हजेरीचं रजिस्टर फिरलं. चिमाबाईनं अंगठा दिला. एरवी सभेला पंचवीस माणसं यायची, त्या दिवशी दोनशेच्या वर होती. बाया एका बाजूला बसल्या होत्या.

देवरामनं आपलं म्हणणं मांडलं. सरकारजमा जमीन परत मिळत नाही, असं मी नियम वाचून सांगितलं. दुसरी कंपनी मागणाऱ्यांना कुंडलिकनं विचारलं, "कुठली कंपनी येनार हाय? कुणी अर्ज दिलाय?" कुणीच दिला नव्हता. मग सतीश उठला. तो चांगला बोलला. म्हणाला, आपण शेतात खेळतो, भात लावलं की खेळ बंद. पोरं जिंकतात पण पायात बूट नसतात. मैदान झालं तर आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील, पोलिसात, रेल्वेत. टाळ्या वाजल्या. कुंडलिक म्हणाला, "मग सगळ्यांचं एकमत समजायचं का?"

"माझं नाय," बायांच्या बाजूनं आवाज आला.

चिमाबाई उभी होती. दहिसाळ्याच्या ग्रामसभेत बाई उठून बोलली असं त्याआधी मी पाहिलं नव्हतं. ती घाबरलेली होती, पदर दोन्ही हातांत धरला होता. आवाज मात्र स्वच्छ होता.

"पंपाच्या खोलीपासून उंबरापर्यंत पाच खड्डे हायत," ती म्हणाली. "मोजून पाच. मला ठावं हाय, कारन ते मीच भरलेत. मी आन् गिरजानं. वर माती हाय, दोन हात. खाली कंपनीचा गाळ हाय, पिवळा. पावसाला जोर झाला का अजून तिथून पिवळं पानी नदीला जातं, बायांनी बघितलंय. तो गाळ आमच्या हाताला लागला तर कातडं सोलून निघायचं. गिरजाच्या पोटात तोच गेला. आता तुमी तिथं पोरं खेळवनार. कबड्डीत मानूस मातीत पडतो. ढोपर फुटतं, माती जखमेत जाते. पोरं हायत ती. आधी ती घान काढा, कुठं न्यायची तिकडं न्या, मंग काय बांधायचं ते बांधा. एवढंच माझं म्हननं."

मी कुंडलिककडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"चिमा," तो म्हणाला, "माझ्या घरचं सभेत आनू नको."

"तुमच्या घरचं नाय दाजी. माझं बी हाय ते."

"एवढी वर्सं गप बसलीस. आता गावाचं भलं व्हायला लागलं तेव्हा तोंड उघडतेस?"

तिनं मान खाली घातली, पण बसली नाही. मागं पोरांत कुजबूज सुरू झाली. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "कप्तान, तुझ्या घरातच दोन पार्ट्या का रे?" सतीशचा चेहरा लाल झाला. तो पोरांच्या घोळक्यातून पुढं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आये, बस खाली."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बस म्हनतो ना. तुला काय कळतं त्यातलं?"

चिमाबाई बसली. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं हळूच बाजूला केला.

सभा संपल्यावर कुंडलिक माझ्याजवळ आला. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "भाऊसाहेब, बायको गेली, कंपनी गेली, जमीन तर आधीच गेली. त्या जागेचं कायतरी चांगलं व्हावं एवढंच माझ्या मनात हाय. हरकत लिव्हलीत तर तालुक्याला आयतं कारन मिळंल, दुसऱ्या गावाला जाईल. सर्वानुमते लिव्हा."

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी आमिष दाखवलं नव्हतं. सुटीचा दिवस होता, मला साडेपाचची एसटी पकडून मुरबाडला आणि तिथून पुढं आटगावला घरी जायचं होतं. एका बाईच्या बोलण्यानं चौकशी लागेल, माती तपासा, अहवाल पाठवा, हे सगळं माझ्याच टेबलावर येईल, हेही डोक्यात आलं. मी लिहिलं, 'सदर विषयावर सांगोपांग चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' खाली सही केली, शिक्का मारला. हजेरीचं पान त्याला जोडलं. चिमाबाईचा अंगठा त्या पानावर होता.

प्रस्ताव मंजूर झाला. मधे एक पूर येऊन गेला, निधी अडला, सुटला. २००६ च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं. नारळ फुटला, मांडव उभा राहिला, गावानं जेवण घातलं. ठेकेदारानं सतीशला देखरेखीला ठेवलं होतं. चिमाबाई तिकडे फिरकली नाही. मायलेक एकाच घरात राहत होते, पण त्या सभेनंतर सतीश जेवताना तिच्याकडे पाठ करून बसायचा, असं त्याची बायको श्वेता एकदा दाखल्यासाठी आली तेव्हा बोलून गेली.

आधी रस्त्याकडच्या बाजूला बसायच्या पायऱ्यांचा पाया भरला, तीन पायऱ्या झाल्या. मग जेसीबी नदीच्या बाजूला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याच्या दातानं पहिला खड्डा फोडला. मी पंचायतीत होतो. पोरं धावत आली, म्हणाली, माणसं पडलीत. मी गेलो तेव्हा वाऱ्यावर असा उग्र वास होता की रुमाल लावूनही डोळ्यांतून पाणी थांबेना. खड्ड्यातून ओला पिवळा लगदा वर आला होता. इतक्या वर्षांनीही ओला. खाली उतरलेले दोन मजूर उलट्या करत होते. त्यांना बाहेर काढायला सतीश आत उतरला होता. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि डोळे उघडत नव्हते.

चिमाबाई तिथं कशी आणि केव्हा पोचली कोण जाणे. तिनं त्याला हाताला धरून लांब, उताराच्या वरच्या अंगाला नेलं. तो नदीकडे वळला तेव्हा म्हणाली, "तिथलं पानी नको." घरून हंडा आणवला आणि ती त्याचे डोळे धूत राहिली. हंड्यामागून हंडा. मग जीप आली आणि तिघांना मुरबाडला नेलं.

मजूर वाचले. सतीशच्या उजव्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. तो पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरला नाही.

काम थांबलं. साहेब आले, बाटल्यांत माती भरून नेली. दोन महिन्यांनी चौकशीसाठी पुन्हा तिघे जण आले आणि पंचायतीत बसले. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "जागा देताना गावातून कुणी हरकत घेतली होती का?"

कुंडलिक माझ्या शेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी रजिस्टर काढून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ठराव वाचला, म्हणाले, "म्हणजे कुणालाच कल्पना नव्हती," आणि तसं लिहून घेतलं. दोनशे माणसांनी ऐकलेली गोष्ट. मी तिथंही सांगू शकलो असतो.

क्रीडासंकुल तालुक्यातल्या दुसऱ्या गावाला गेलं. आमच्या जागेभोवती तारेचं कुंपण आलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, भाद्रपदात, श्वेता पंचायतीत आली. म्हणाली, "आत्यांनी बोलवलंय. येताना ते सभेचं रजिस्टर घेऊन या म्हनल्यात."

चिमाबाई आजारी आहे हे मला माहीत होतं, पण काय झालंय ते माहीत नव्हतं. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर रक्त जात होतं, ती गप्प राहिली होती. गिरजाचं पाहिलं होतं, पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं. मी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. अर्धी उरली होती. समोर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्याखाली सतीशच्या कबड्डीच्या जुन्या ढाली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "ते साहेब आल्ते ना चौकशीला, त्यांनी माझं बोलनं वाचलं का?"

मी म्हटलं, "रजिस्टर बघितलं त्यांनी."

"मंग मला बी वाचून दावा. मला वाचता येत नाय, पन ऐकायचंय एकदा. काय बोलले ते मलाच आता नीट आठवत नाय."

मी रजिस्टर उघडलं. ते पान काढलं. माझ्याच अक्षरातल्या दोन ओळी, सही, शिक्का. मी त्यावर नजर ठेवली आणि वाचायला लागलो. "श्रीमती चिमाबाई बुधाजी यांनी हरकत नोंदवली, की पंपाच्या खोलीपासून उंबरापर्यंत पाच खड्डे आहेत..." सगळं सांगितलं. दोन हात माती, पिवळं पाणी, ढोपर, जखम, पोरं. एक शब्द सुटला नाही. तीन वर्षं ते माझ्या डोक्यात तसंच होतं.

ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "गिरजाचं नाव घातलंत?"

"घातलंय. 'ते मी व गिरजा कुंडलिक यांनी भरले.'"

"बरं केलंत." मग म्हणाली, "गिरजा म्हनायची, आपन सांगाया पायजे व्हतं. मरताना बी तेच म्हनत व्हती. मी उशिरा सांगितलं, पन सांगितलं. आता कुनी म्हननार नाय, चिमाला ठावं असून गप ऱ्हायली."

मी रजिस्टर मिटलं. तिनं श्वेताला चहा ठेवायला सांगितलं. मी तो प्यायलो. खरं बोलायला तेवढा वेळ होता, चहा संपेपर्यंतचा. मी बोललो नाही.

सव्वीस दिवसांनी ती गेली. बौद्धवाडीत पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुंडलिक आला. आता तो सरपंच नव्हता. लोकांनी खुर्ची दिली, ती बाजूला सारून तो खाली सतरंजीवर बसला, वंदना संपेपर्यंत हात जोडून. जेवून गेला. जाताना सतीशला म्हणाला, "माझ्या गिरजाला हिनं न्हाऊ घातलं रे," आणि पुढं बोलवेना म्हणून तसाच निघाला.

लोक पांगल्यावर मी सतीशला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ठरावात काय लिहिलं होतं, चौकशीत मी गप्प कसा राहिलो आणि त्याच्या आईला काय वाचून दाखवलं. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो ओट्याच्या कडेला बसला, अधू डोळा चोळत राहिला.

मग त्यानं विचारलं, "मी तिला खाली बस म्हनलो, ते तरी लिव्हलंय का कुठं?"

"नाही."

"म्हंजे ते बी कुठंच नाय," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

पुढच्या जूनमध्ये माझी शहापूरला बदली झाली. निवृत्त झाल्यावर एकदा काही कामानं दहिसाळ्याला गेलो होतो. कुंपणाची तार जागोजाग तुटली आहे. रस्त्याकडच्या तीन पायऱ्या अजून आहेत, त्यांच्यावर बाया गोधड्या वाळत घालतात. सतीश भात काढून झालं की देवरामच्या उरलेल्या खाचरात पोरांना कबड्डी शिकवतो. मी बांधावर उभा होतो. एक पोरगी पडली, गुडघा फुटला, तसा तो खेळ थांबवून पाण्याची बाटली घेऊन गेला आणि तिची जखम धूत बसला. ती म्हणत होती, "बास ना सर, झालं." तो धूतच होता. मला त्यानं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. उजव्या बाजूचं त्याला नीट दिसत नाही आणि मी त्याच बाजूला उभा होतो.